पाया हवा, घाव नकोत

उत्तन ते विरार असा सागरी सेतू उभारण्याचे महाराष्ट्र सरकारने ठरविले आहे. जोडरस्ते धरून त्याची लांबी सुमारे ५५ किलोमीटर असून त्यांपैकी २४ किलोमीटरांच्या आसपासचा भाग प्रत्यक्ष समुद्रावर असेल. या सेतूला किती हजार कोटी रुपये लागतील, ते कोठून यावयाचे, मुंबईचा प्रवास किती मिनिटांनी कमी होईल आणि कोळी बांधवांच्या विरोधाचे काय करावयाचे, या प्रश्नांवर पुष्कळ चर्चा झाली आहे, आणि ती व्हावयासच हवी. परंतु एक प्रश्न मात्र या साऱ्या चर्चेत कोठे फारसा ऐकू आला नाही. समुद्राच्या तळात आणि किनाऱ्याच्या वाळूत जे शेकडो खांब रोवावे लागतील, ते कोणत्या पद्धतीने रोवले जाणार? त्या कामाचा आवाज केवढा असेल, जमीन किती हादरेल, आणि तो आवाज व ते हादरे कोणी सोसावयाचे?

असा तांत्रिक प्रश्न पहिल्या पानावर मांडण्याइतका महत्त्वाचा आहे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, निविदा निघून कंत्राटे वाटली गेली आणि यंत्रे जागेवर येऊन उभी राहिली, म्हणजे या प्रश्नाला तक्रारीपलीकडे काही मोल उरत नाही. तो विचारण्याची वेळ त्यापूर्वीच येते, आणि ती वेळ हीच आहे. पूल बांधून झाल्यावर त्याची लांबी-रुंदी सर्वांना दिसते. पाया कसा घातला गेला, हे मात्र केवळ शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

हा शेजारी कोण? वसईच्या पश्चिम किनाऱ्यावरील भुईगावचे उदाहरण घ्या. एका बाजूला सुरूची झाडे आणि वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला केळीच्या, फुलांच्या आणि भाजीच्या वाड्या, मध्ये विहिरी, आणि पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारी पूर्वजांनी खणलेली बावखळे. सामवेदी आणि वाडवळ कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या जोपासलेला हा पट्टा मुंबईच्या इतक्या जवळ असूनही अद्याप गाव म्हणून ओळखता येतो. उत्तनहून विरारला जाणारा कोणताही सेतू या किनाऱ्यासमोरूनच जाणार. शिवाय २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. तेव्हापासून उंच इमारतींचे पाये या वाळूच्या आणि चिखलाच्या जमिनीत सतत खोल जात आहेत. अहमदाबादकडे जाणाऱ्या वेगवान रेल्वेचे कामही याच तालुक्यातून चालले आहे. तेव्हा हा प्रश्न एका सेतूचा नव्हे. साऱ्या तालुक्याचा, किंबहुना साऱ्या कोकणपट्टीचा आहे.

प्रथम विषय नीट समजून घेऊ. वरची जमीन भुसभुशीत असेल, तर इमारतीचे वा पुलाचे ओझे खालच्या घट्ट थरापर्यंत अथवा कातळापर्यंत पोचवावे लागते. त्यासाठी जमिनीत जो लांब खांब घालतात, त्याला बांधकामावरील माणसे पाइल म्हणतात. तो घालण्याच्या मुख्य रीती दोन. एक, तयार खांब वरून घण घालून जमिनीत ठोकणे. दुसरी, जमिनीला गिरमिटासारखे भोक पाडून त्यात पोलादी सळ्यांचा सांगाडा सोडणे आणि काँक्रीट ओतणे. पाइलच्या पायासाठी भारतीय मानक संस्थेने जी संहिता केली आहे, तिच्यात या दोन्ही रीतींना स्वतंत्र विभाग आहेत. दोन्ही मान्य आहेत, दोन्ही भक्कम आहेत. फरक पडतो तो शेजाऱ्याला.

हा फरक किती, ते आकड्यांतच पाहावे. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने बांधकामाच्या यंत्रांच्या आवाजाच्या ज्या नोंदी केल्या आहेत, त्यांत १५ मीटर अंतरावर खांब ठोकणाऱ्या घणाचा सर्वोच्च आवाज १०१ डेसिबल, तर जमिनीत फिरून भोक पाडणाऱ्या गिरमिटी यंत्राचा ८४ डेसिबल आहे. सतराचा हा फरक दिसावयास लहान आहे. परंतु डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नव्हे. दर दहा डेसिबलांमागे ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे घणाच्या आवाजात यंत्राच्या आवाजाच्या सुमारे पन्नासपट शक्ती असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलांनी उतरतो. या हिशेबाने अर्धा किलोमीटर दूरच्या घरापर्यंत घणाचा आवाज ७१ डेसिबलांच्या आसपास पोचेल, आणि गिरमिटी यंत्राचा ५४ च्या. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा सरासरीची असते, हे आम्ही विसरत नाही. परंतु घावामधला थांबण्याचा वेळ हिशेबात धरून सरासरी काढली, तरी घण दिवसाची मर्यादा ओलांडतोच. एक रीत नियमात बसते, दुसरी बसत नाही, इतका हा उघड भेद आहे.

आवाज थांबला की विसरला जातो, हादऱ्यांचे तसे नाही. सैल आणि पाण्याने भिजलेली वाळू हादरली की तिचे कण एकमेकांजवळ सरकतात आणि जमीन खचते, हे भूतंत्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवितात. किनाऱ्यावरील जुनी घरे सळ्यांच्या सांगाड्यावर नव्हे, तर भिंतींवर उभी असतात. त्यांच्या खालची जमीन एका बाजूला बोटभर जरी खचली, तरी भिंतीला तडा जातो. दगडी विहिरींचे बांधकाम निखळते. आणि समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थरासारखे असते. पाइलसाठी पाडलेली भोके नीट न बुजविता सोडली, तर त्या वाटेने खारे पाणी वर यावयास कितीसा वेळ लागणार? बावखळे खणून ज्यांनी गोड्या पाण्याचा हा थर शतकानुशतके राखला, त्यांना हे सांगावयास अभियंत्याची गरज नाही. ते अभियंत्यालाच सांगण्याची गरज आहे.

समुद्रातील हिशेब तर आणखी निराळा आहे. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि फार दूरपर्यंत पोचतो. सर्वच माशांवर त्याचा परिणाम सारखा होत नाही. ज्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यांना तो विशेष जाचतो, कारण तीव्र ध्वनिलहरींनी ती पिशवी एकाएकी आकुंचन-प्रसरण पावते आणि भोवतालची इंद्रिये दुखावतात. आपल्या बोंबलाच्या जातीला अशी पिशवी नसते. परंतु घोळ आणि ढोमा यांना ती असते. इतकेच नव्हे, तर हे मासे ती पिशवी ढोलकीसारखी वाजवून एकमेकांना साद घालतात. घोळीच्या याच पिशवीला परदेशी बाजारात सोन्यासारखा भाव मिळतो. २०२१ साली पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेला १५७ घोळींचे १ कोटी ३३ लाख रुपये मिळाल्याची वार्ता सर्व पत्रांनी ठळक छापली होती. कोळ्याचे भाग्य ज्या इंद्रियात आहे, त्यावरच घणाचा पहिला घाव बसतो, हे ध्यानी घेतले म्हणजे पाचूबंदर, अर्नाळा वा उत्तनच्या मच्छीमारांची धास्ती ही अडाण्यांची ओरड आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

जर्मनीने या बाबतीत घालून दिलेला पायंडा अभ्यासण्याजोगा आहे. उत्तर समुद्रात पवनचक्क्यांचे खांब रोवताना ७५० मीटर अंतरावर पाण्यातील आवाज एका ठराविक मर्यादेपलीकडे जाता कामा नये, असा दंडक त्या देशाने घातला. कंत्राटदारांनी प्रथम अर्थातच कुरकुर केली. पुढे त्यांनीच खांबाभोवती समुद्रतळावर सच्छिद्र नळ्यांची वर्तुळे टाकून त्यांतून हवा सोडण्याची युक्ती प्रचारात आणली. बुडबुड्यांचा हा पडदा आवाजाला अडवितो. दंडक आधी आला आणि युक्ती मागून आली. आपल्याकडे मात्र युक्ती सापडेपर्यंत दंडक नको, असे म्हणण्याची प्रथा आहे!

नीरव रीतीने पाया घालणे ही परदेशातून आलेली नवी चैन आहे, असा समज असेल, तर तो वसईनेच खोडून काढावा. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३३ साली स्क्रूसारख्या आटे असलेल्या खांबाचे पेटंट घेतले. हा मनुष्य ऐन तारुण्यात अंध झाला होता. त्याचा खांब ठोकावयाचा नसे, तर आडव्या दांड्यांना माणसे लावून फिरवीत फिरवीत जमिनीत उतरवावयाचा असे. हेच स्क्रूचे खांब बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या पुलांसाठी १८६० च्या दशकात वापरले गेले. आणि आजची पश्चिम रेल्वेची विरार-वसईची वाट ती याच कंपनीने घातलेली वाट होय. म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वी वाफेचे घण उपलब्ध असतानाही या मार्गाच्या बांधणाऱ्यांनी खांब फिरवून उतरविण्याची रीत पत्करली. त्यांनी ती शेजाऱ्याच्या झोपेसाठी पत्करली, असा आमचा दावा नाही. नदीच्या गाळात ती अधिक सोयीची होती, एवढेच. परंतु घणावाचून पूल होत नाही, हे म्हणणे तेव्हाही खरे नव्हते आणि आजही खरे नाही.

आधुनिक काळात या विचाराला खरी गती दिली ती जपानने. कोची शहरातील अकिओ कितामुरा या व्यावसायिकाने खांब ठोकण्याच्या कामातील आवाज आणि हादरे यांना कंटाळून १९७५ साली एक वेगळेच यंत्र सिद्ध केले. आधी रोवलेले खांब हे यंत्र आपल्या पकडीत घट्ट धरते आणि त्यांच्या जमिनीतील पकडीचा आधार घेऊन पुढचा खांब निव्वळ दाबाने खाली ढकलते. एक पाय रोवून दुसरा पुढे टाकावा, तशी त्याची चाल असते. या यंत्रामागे कायद्याचीही पार्श्वभूमी होती. जपानने १९६८ साली ध्वनिनियंत्रणाचा आणि १९७६ साली कंपननियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला. खांब ठोकण्यासारख्या कामांना जागेच्या हद्दीवर आवाजासाठी ८५ आणि कंपनासाठी ७५ डेसिबलांची मर्यादा घातली. हाँगकाँगसारख्या दाट वस्तीच्या शहरात तर घणाने खांब ठोकण्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि भोवतालच्या वस्तीवर पडणारा त्रास पाहून दिवसाला तीन, पाच वा बारा तासच काम करू दिले जाते. ही शहरे आपल्यापेक्षा कमी बांधतात, असे कोणी म्हणणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परदेशातील यंत्र आणून उभे केले की आपला प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. दाबाने खांब उतरविणारे यंत्र वाळूत, चिखलात आणि मातीत उत्तम चालते. किनाऱ्यावरील संरक्षक भिंती, जोडरस्त्यांच्या कडा, तळघरांच्या खोदाईच्या बाजू यांसाठी ते योग्य आहे. परंतु आपल्याकडे वाळूखाली थोड्याच खोलीवर काळा कातळ लागतो आणि सेतूचे खांब त्या कातळात रोवावे लागतात. तेथे भोक पाडूनच पाया घालावा लागेल, आणि मोठ्या कामांवर आपल्याकडे तशीच प्रथा आहे. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, भोक पाडण्यातही दोन तऱ्हा आहेत. तीन पायांच्या घोड्यावरून विंचने जड छिन्नी उचलून कातळावर आदळावयाची, ही स्वस्त आणि सर्वत्र आढळणारी तऱ्हा. हिच्यात घण नाही, पण घाव आहेतच. भोकाची कड ढासळू नये म्हणून पोलादी नळा कंपन देऊन उतरवितात, त्याचाही आवाज घणापेक्षा फारसा कमी नसतो. आणि शेवटी, काँक्रीट घट्ट झाल्यावर पाइलचे वरचे निकृष्ट डोके फोडावे लागते. ब्रेकर लावून ते दिवसेंदिवस फोडीत बसतात, तेव्हा शेजाऱ्याला वाटते, पाइलिंग तर संपले, मग हे काय चालले आहे?

यांपैकी प्रत्येक टप्प्याला शांत पर्याय आहे. छिन्नीऐवजी फिरत्या दातांनी कातळ कापणारे यंत्र आहे. नळा कंपनाऐवजी फिरवून आणि दाबून उतरविता येतो. पाइलचे डोके चोहोबाजूंनी दाब देऊन एका झटक्यात तोडणारा हायड्रॉलिक चिमटा मिळतो. यांत अद्भुत असे काही नाही. किंबहुना मुंबईच्या समुद्रातच त्याचा दाखला आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे खांब रोवताना शिवडीच्या चिखलपट्टीवरील रोहित पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून खोदलेला चुरा पाण्याबरोबर नळीतून वर ओढून घेणारी, तुलनेने कमी आवाजाची खोदाईची पद्धत वापरण्यात आली आणि आवाज अडविणारे पडदेही लावण्यात आले. मुंबई महापालिकेने सागरी किनारा रस्त्याच्या पुलांसाठी चार खांबांच्या जुडग्याऐवजी एकच जाड खांब घालण्याची रीत देशात प्रथम अवलंबिली. भोके कमी, तेवढा त्रासही कमी. शिवडीच्या पक्ष्यांसाठी जे झाले, ते भुईगावच्या माणसांसाठी का होऊ नये?

कोणी म्हणेल, आराखडे एकदा झाले की बदलत नाहीत. हेही खरे नाही. वरळीच्या कोळ्यांनी आपल्या नौकांच्या वाटेवर आग्रह धरला, तेव्हा याच किनारा रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधील ६० मीटरांचे अंतर १२० मीटर करण्यात आले. कोळ्यांची मागणी याहून मोठी होती आणि समाधान पुरे झाले नाही, हे मान्य. तथापि सामान्य माणसाच्या आग्रहाने अभियंत्याची रेघ सरकू शकते, एवढे त्यातून निश्चित सिद्ध झाले.

उरतो तो खर्चाचा आक्षेप. शांत यंत्रे महाग असतात, त्यांचे भाडे अधिक, ती चालविणारे कुशल कारागीर थोडे, हे सारे खरे आहे. परंतु महाग कोणाला आणि स्वस्त कोणाला? तडकलेल्या भिंतीचा, खाऱ्या झालेल्या विहिरीचा, हुकलेल्या झोपेचा आणि रिकाम्या जाळ्याचा खर्च निविदेत कोठेच लिहिलेला नसतो. तो गावकरी आपल्या पदरचा भरतो. यंत्राचा खर्च वाचला असे जेव्हा कंत्राटदार म्हणतो, तेव्हा तो खर्च नाहीसा झालेला नसतो. त्याने फक्त घर बदललेले असते. शिवाय न्यायालयाचा मनाईहुकूम आल्यावर काम थांबते, त्याचा खर्च वेगळाच. मुंबईत भुयारी मेट्रोचे रात्रीचे काम २०१७ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने थांबविले आणि ते पुन्हा सुरू व्हावयास पुढच्या वर्षाचा ऑगस्ट उजाडला. ते महिने कोणाच्या हिशेबात धरावयाचे?

कायदा आपल्याकडे अगदीच नाही, असे नव्हे. २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालविता येत नाहीत. मर्यादेहून दहा डेसिबल अधिक आवाज झाला, तर नागरिकाला तक्रार करता येते. परंतु या नियमांत दोन मोठ्या उणिवा आहेत. कंपनाविषयी जपानसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि पाण्याखालील आवाजाचा तर नियमांत विचारच नाही. शिवाय तक्रार करावयाची म्हणजे आवाज मोजावयाचा, आणि मोजमापाचे यंत्र गावकऱ्याच्या घरी नसते. ज्याला त्रास होतो त्यानेच तो सिद्ध करावा, हा न्याय उफराटा आहे. जो आवाज करतो त्याने तो मोजावा आणि जाहीर करावा, हाच सरळ न्याय होय.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांपैकी एकही अशक्य नाही. उत्तन-विरार सेतूच्या निविदेतच प्रत्येक टप्प्याच्या पाइलिंगची पद्धत, आवाजाची मर्यादा आणि कंपनाची मर्यादा लिहावी. सर्वांत कमी किमतीचा देकार स्वीकारताना ही मर्यादा पाळण्याची हमी घ्यावी. काम सुरू होण्यापूर्वी किनाऱ्यावरील घरांची, विहिरींची आणि बावखळांची छायाचित्रांसह नोंद करून तिची प्रत मालकाला द्यावी, म्हणजे पुढे तडा जुना की नवा, हा वाद उरणार नाही. आवाजाचे आणि कंपनाचे आकडे रोजच्या रोज ग्रामस्थांना वाचता येतील असे मराठीत जाहीर व्हावेत. माशांच्या विणीच्या काळात समुद्रात खांब रोवण्याचे काम बंद ठेवावे. पावसाळ्यात मच्छीमाराने नौका किनाऱ्यावर ओढून ठेवावयाची आणि सरकारी यंत्राने मात्र तळ ढवळावयाचा, हे शोभणारे नाही. आणि वसई-विरार महापालिकेने हाच नियम खासगी इमारतींनाही लावावा. सरकारी पुलाचा घण वाईट आणि बिल्डरचा घण चांगला, असे कोठे असते काय?

एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्ट करू इच्छितो. पाया शांतपणे घातला म्हणजे सेतूविषयीचे सारे प्रश्न मिटले, असे मानण्याची चूक कोणी करू नये. मासेमारीची जागा जाणे, किनाऱ्याचा प्रवाह बदलणे, वाड्यांच्या जागी इमारती येणे, या चिंता आवाजाहून मोठ्या आहेत आणि त्यांचा निकाल त्यांच्याच जागी लागला पाहिजे. शांत यंत्र हे विरोध शांत करण्याचे साधन नव्हे. परंतु मोठा प्रश्न सुटेपर्यंत लहान अन्याय चालू द्यावा, हाही शहाणपणा नव्हे.

वसईने पाणी, झाडे आणि जमीन यांसाठी यापूर्वी लढे दिले आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ज्या हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले, तिने विकास की विनाश, असा प्रश्न महाराष्ट्रापुढे ठेवला होता. ते २०२४ साली निवर्तले. त्यांचा प्रश्न जिवंत आहे. मुंबईला रस्ते हवेत, विरारच्या गाडीत लोंबकळणाऱ्या माणसाला मोकळा प्रवास हवा, हे आम्हांला पुरेपूर मान्य आहे. परंतु एकाच्या प्रवासाची मिनिटे वाचविण्यासाठी दुसऱ्याची झोप, विहीर आणि जाळे खर्ची घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तसे करण्याची आता आवश्यकताही उरलेली नाही. साधने उपलब्ध आहेत, दाखले घरचे आहेत, वेळ अद्याप गेलेली नाही. निविदेच्या कागदावर चार ओळी अधिक लिहावयाच्या आहेत. त्या सरकारने लिहाव्यात, आणि त्या लिहिल्या जातात की नाही हे या किनाऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.